तान्हे बाळ आणि परदेशी पोस्टिंग : वाचकांचे प्रश्न

कंपनीने आखातात किंवा युरोपात पाठवलेले जोडपे, घरात वर्षाच्या आतले बाळ आणि आजी-आजोबा कोकणात. या वेळच्या बहुतेक पत्रांचा मजकूर असाच आहे. उत्तरे देताना बाळाचे आरोग्य, प्रवासाचे नियम आणि स्वयंपाक यांची जाणकार मंडळी सोबत होती. पत्रांतली खासगी माहिती गाळली आहे.

प्रश्न : मूळ गाव गुहागर, सध्या मस्कत. दोघेही नोकरी करतो. बाळ सात महिन्यांचे आहे. सासूबाई दोन महिने राहून परत गेल्या आणि आता आठवडा पुरत नाही. गुरुवारपर्यंत आम्ही दोघे गळून जातो आणि सुट्टी झोपण्यात जाते. आठवडा कसा आखावा?

उत्तर : आखणी रविवारी न करता गुरुवारी संध्याकाळी करा. ओमानचा आठवडा रविवार ते गुरुवार. शुक्रवारी सकाळी लहान दुकाने आणि खासगी दवाखाने बहुतेक बंद असतात आणि जुम्म्याच्या नमाजानंतर उघडतात. गावच्या सवयीने ‘सुट्टीच्या सकाळी बाजार’ असे ठरवले की सकाळ वाया जाते आणि दुपारच्या उन्हात बाळाला घेऊन फिरावे लागते. भाजी, मासळी, डायपर हे सगळे गुरुवारी कामावरून येतानाच आणावे. या वयाच्या बाळाला दिवसाला सहा-सात डायपर लागतात, म्हणजे आठवड्याला पन्नासच्या आसपास. पाकीट त्या हिशेबाने घ्यावे.

शुक्रवारची सकाळ स्वयंपाकाची, दोन तासांची. त्या वेळी दुसऱ्याने बाळाला घेऊन दुसऱ्या खोलीत जायचे. दोघे ओट्याशी आणि बाळ मध्ये, असे झाले की दोन तासांचे चार होतात. सात महिन्यांचे बाळ दिवसातून दोन-तीन वेळा खाते, एका वेळी दोन-तीन मोठे चमचे, पुढे हळूहळू अर्धी वाटी. पाच दिवसांसाठी एक वाटी मूगडाळ, पाव किलो लाल भोपळा आणि पाव किलो गाजर पुरते. डाळ कुकरला मऊ शिजवा. भाज्या वाफवा, उकळून पाणी टाकू नका. प्रत्येक जिन्नस वेगळा घोटून बर्फाच्या ट्रेमध्ये भरा. साधारण खणात एक मोठा चमचा, म्हणजे 15 मिली मावते, पण ट्रे लहान-मोठे असतात, एकदा चमच्याने मोजून घ्या. गोठलेले तुकडे पिशवीत काढून तारीख घाला आणि महिन्याच्या आत संपवा. उद्याचे तुकडे रात्री फ्रीजमध्ये खाली काढून ठेवायचे, सकाळी वाफ येईपर्यंत एकदाच गरम करायचे, उरलेले टाकायचे.

भात मात्र साठवू नका. शिजलेला भात कोमट राहिला की त्यात टिकून राहिलेले जिवाणू वाढतात आणि विष तयार करतात, ते पुन्हा गरम करूनही जात नाही. रोजचा दोन चमचे तांदूळ मोठ्यांच्या कुकरमध्येच वाटीत लावता येतो. उकड्या तांदळाची पेज करायची तर तांदळाच्या आठ ते दहा पट पाणी घ्या. बाळाला निवळ नुसती देऊ नका, पोट पाण्याने भरते. शिते कुस्करून घट्टसर द्या.

नवा पदार्थ रविवारी किंवा सोमवारी सकाळी सुरू करा. अंडे, शेंगदाण्याचे कूट, मासा यांनी पुरळ, उलटी, ओठ सुजणे असे काही झाले तर पहिल्या एक-दोन तासांत कळते आणि तेव्हा दवाखाना उघडा असतो. शुक्रवारी निवांत आहोत म्हणून पहिल्यांदा अंडे भरवणे ही उलटी आखणी. दोन नव्या पदार्थांत तीन दिवस जाऊ द्या. माशात पापलेट सोपे, मधला काटा एकसंध निघतो. मांदेली, बोय बारीक काट्यांचे असल्याने इतक्यात नकोत. सुरमई मस्कतला छान मिळते, पण हा मोठा शिकारी मासा असल्याने त्याच्या अंगात पारा जास्त साठतो. ती तुम्ही खा, बाळाला नको.

काढलेले दूध : 25 अंशांच्या खोलीत चार तास, फ्रीजमध्ये चार दिवस, फ्रीझरमध्ये सहा महिन्यांपर्यंत. बर्फाच्या पाकिटांसह चांगल्या कूलर पिशवीत एक दिवस. गाडी उन्हात उभी असेल तर पिशवी गाडीत ठेवू नये, डॅशबोर्ड तापला की कूलरचा हिशेब चुकतो. ओमानच्या 2023 च्या कामगार कायद्यात बाळंतपणाची रजा 98 दिवसांची आहे आणि बापाला सात दिवस. परतल्यावर दूध पाजण्यासाठी रोज एक तास मिळण्याचीही तरतूद आहे. तो तास तोंडी न मागता लेखी मागा.

आता आंघोळ. मे ते सप्टेंबर गच्चीवरच्या टाकीतले पाणी इतके तापते की थंड नळालाच चटका बसतो. तिथली जुनी मंडळी उन्हाळ्यात गिझर बंद ठेवतात. त्याच्या टाकीतले पाणी घरातल्या एसीत निवते आणि ‘गरम’ नळ थंड पाण्याचा होतो. बाळासाठी पाणी 37 अंशांचे हवे, हाताच्या पंज्याला न विचारता कोपराला विचारा. नळाखाली बाळ धरून आंघोळ घालू नका, तापमान मध्येच बदलते. टबात पाणी आधी काढून, ढवळून, मगच बाळ आत.

संध्याकाळी घरी आल्यावर ठरलेली कामे दोनच ठेवा, आंघोळ आणि दुसऱ्या दिवशीची पिशवी. कपड्यांच्या घड्या शनिवारपर्यंत थांबू शकतात. लसीकरण आणि तपासणी जमल्यास शनिवारी सकाळी घ्या. लसीनंतर त्या रात्री ताप येण्याचा संभव असतो. गुरुवारी संध्याकाळची वेळ घेतली तर ती रात्र आठवड्याच्या थकव्यावर येते.

प्रश्न : देवगडहून लिहिते आहे. मुलगी दुबईत बाळंत झाली आहे, दोन महिन्यांसाठी जाणार आहे. डिंकाचे लाडू, सुके खोबरे, गुटीचे सामान, शेकशेगडीचे सामान, हापूस... काय नेता येईल?

उत्तर : आजी, सर्वांत आधी लाडवांतली खसखस काढा. आपल्याकडे ती बाळंतिणीच्या लाडवात हमखास पडते, पण संयुक्त अरब अमिरातीत खसखस अमली पदार्थांच्या कायद्याखाली बंद आहे. ती अफूच्या बोंडातली बी. चमचाभर असली तरी विमानतळावर ‘घरगुती आहे’ हे उत्तर चालत नाही. तीच खसखस गरम मसाल्यात, अनारशात आणि कोरड्या वाटणातही असते, म्हणून तयार मसाल्यांची पाकिटेही पाहून घ्या. तुमच्या वळणाच्या बहिणी-भावजया सौदीत जात असतील तर त्यांना सांगा, तिथे जायफळावरही बंधन आहे.

सुक्या खोबऱ्याची वाटी किंवा किसही बॅगेत भरू नका. सुक्या खोबऱ्यात तेल खूप असते आणि विमान वाहतुकीच्या नियमांत ते आपोआप पेटू शकणाऱ्या मालात मोडते. हातातल्या बॅगेत ते बंदच आहे, चेक-इनमध्येही बऱ्याच विमान कंपन्या काढून घेतात. दुबईत किराणा दुकानात खोबरे सहज मिळते. बदाम, खजूर, तूप, गूळ तर तिथे हवे तितके. म्हणून लाडू इथून वळून नेण्यापेक्षा डिंक, अळीव आणि खारीक पूड एवढेच न्या, वजन वाचेल आणि लाडू ताजे होतील. डिंक शंभर ग्रॅम असेल तर खारीक पूड पाव किलो. तो ज्वारीच्या दाण्याएवढा बारीक करून घ्या, मोठे खडे बाहेरून फुलतात आणि आत कच्चे राहतात, मग लाडू दाताला चिकटतो. तुपात थोडा थोडा, मध्यम आचेवर. आच मोठी झाली तरी हीच गत.

हापूस दुबईच्या बाजारात हंगामात मिळतो, त्याच्या पेटीसाठी बॅगेचे वजन घालवू नका. बाळाला काजळ नको, घरचेही नको. त्यातल्या काजळीने डोळे चिकटतात आणि बाजारच्या काही काजळांत शिसे असते.

शेकशेगडी आणि धुरीबद्दल थोडे स्पष्ट लिहितो. फ्लॅटच्या छतावर धुराचा सेन्सर असतो. ओवा, वेखंड, बाळंतशेपा निखाऱ्यावर टाकल्या की भोंगा वाजतो आणि इमारत रिकामी करावी लागते. सेन्सरवर प्लास्टिक चढवणे हा तिथे दंडाचा गुन्हा आहे. पण भोंगा नसता तरी सल्ला तोच राहिला असता. बंद खोलीतला धूर दोन आठवड्यांच्या फुप्फुसाला मानवत नाही आणि कोळशाच्या धगीतून निघणाऱ्या वायूला वासही नसतो. मुलीला शेक हवा असेल तर गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून द्या. मालिशीला खोबरेल चालते, फक्त ते 24 अंशांखाली थिजते आणि एसीच्या खोलीत रोज थिजेल. बाटली कोमट पाण्यात पाच मिनिटे ठेवली की झाले. तेल लावलेले बाळ गुळगुळीत टबात हातातून सुटते, टबात जुना पंचा अंथरा.

तुमची स्वतःची औषधे मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि दोन महिने पुरतील इतकीच. झोपेच्या गोळ्या, कोडीन असलेले खोकल्याचे औषध, ट्रामाडोलसारखी वेदनाशामके तिथे नियंत्रित आहेत, त्यांना आधी परवानगी घ्यावी लागते. घरातल्या सगळ्यांची उरलीसुरली औषधे एका डब्यात भरून नेण्याची आपली सवय या प्रवासात महाग पडेल.

प्रश्न : कुवेतहून. बाळ तीन महिन्यांचे. आईने गुटीचा संच पाठवला आहे. प्रत्येक मात्रेचे किती वळसे द्यायचे?

उत्तर : एकही नको. सहा महिन्यांपर्यंत आईचे दूध आणि डॉक्टरांनी दिलेले ड जीवनसत्त्व, बाकी पाणीसुद्धा नाही. वळशांनी मात्रा मोजली जात नाही. वेखंड किंवा जायफळ किती झिजले हे दाबावर, सहाणेवर आणि ओलाव्यावर ठरते. जायफळ जास्त गेले की बाळ गुंगीत राहते आणि घरातले म्हणतात, ‘गुटीने छान झोपले.’ सहाण धुवून वाळवली तरी तिच्या खाचांत जंतू राहतात. आणि गुटी मधात देतात, हा सर्वांत मोठा धोका. मधात बोटुलिझमचे बीजाणू असू शकतात आणि वर्षाच्या आतल्या आतड्यात ते रुजून स्नायू लुळे पाडतात. मध तापवून बीजाणू मरत नाहीत. आईला वाईट वाटू नये म्हणून सहाण-संच बारशाच्या फोटोत ठेवा.

प्रश्न : आम्ही दापोलीचे, सध्या जर्मनीत श्टुटगार्टला. नाचणीचे सत्त्व घरी करायला गेलो तर दोनदा मोडांना बुरशी आली. कुठे चुकते?

उत्तर : मोड येण्यात चूक नाही, वाळण्यात आहे. दापोलीत एप्रिलमध्ये अंगणात सावलीला पसरलेली नाचणी दिवसात वाळते. तिथल्या वीस अंशांच्या खोलीत ती दोन-तीन दिवस ओलसर राहते आणि तेवढ्यात बुरशीचे काम होते. जुलैमध्ये कोकणातही हेच होते, म्हणून आपल्याकडे सत्त्व उन्हाळ्यात करून ठेवायची पद्धत आहे.

अर्धा किलो नाचणी तीन-चार पाण्यांत धुवा, वर तरंगणारे टाका. आठ-दहा तास भिजवा, मध्ये एकदा पाणी बदला. चाळणीत पूर्ण निथळू द्या, मग ओल्या पंच्यात सैल बांधा. घट्ट पुरचुंडीत मध्यभाग गुदमरतो आणि आंबूस वास येतो. कोकणच्या उष्म्यात अठरा ते चोवीस तासांत मोड दिसतात, तिथे छत्तीस ते अठ्ठेचाळीस धरा. गाठोडे हीटरच्या जवळ ठेवा, वर ठेवू नका, आणि दर आठ तासांनी पाणी शिंपडा. मोड दोन-तीन मिलिमीटरचा पुरे. लांब गेला की कडवटपणा येतो.

वाळवण ओव्हनमध्ये : 50 ते 60 अंश, पंखा चालू, दार लाकडी चमच्याने किंचित उघडे, थर एका दाण्याचा. दार बंद ठेवले तर वाफ आतच फिरते आणि नाचणी वाळण्याऐवजी उकडते. चार-पाच तास, मध्ये दोनदा हलवा. दाणा दाताखाली कट्‌कन फुटला की वाळला. त्यानंतर मंद आचेवर पाच-सात मिनिटे खमंग वास येईपर्यंत भाजा, गार करा, दळा, बारीक चाळा. चाळणीवर राहिलेला कोंडा तुमच्या भाकरीत जाईल. डबा फ्रीजमध्ये, महिनाभर.

शिजवताना एक मोठा चमचा सत्त्व 150 मिली गार पाण्यात आधी कालवा, मगच आचेवर ठेवून सहा-सात मिनिटे ढवळा. गरम पाण्यात पीठ टाकले की गुठळ्या होणारच, त्या मिक्सरनेही नीट मोडत नाहीत. वर्षाच्या आत मीठ, गूळ, साखर नको. अर्धा चमचा तूप चालेल.

मोड आणण्याचा खरा फायदा असा की धान्यातली पाचके जागी होऊन पिष्ट मोडतात, लापशी पातळ होते आणि त्याच वाटीत जास्त पीठ मावते. लहान पोटाला हे महत्त्वाचे. काही घरांत भिजवलेली नाचणी वाटून, फडक्यातून गाळून, खाली बसलेला साका वाळवतात. तो पचायला हलका असतो पण टरफलाबरोबर बरेच काही निघून जाते. आमचे मत मोडांच्या पिठाला. आणि नाचणीत कॅल्शियम भरपूर, शंभर ग्रॅमला सुमारे 360 मिलिग्रॅम, पण लोह फारसे नाही. लोहासाठी डाळ, अंडे, मासा हवेच. दोन्ही वेळ फक्त नाचणी दिली तर बाळ गुबगुबीत दिसूनही पंडुरोगी राहू शकते.

प्रश्न : चिपळूण. बाळाला सहा, दहा, चौदा आठवड्यांच्या लसी प्राथमिक आरोग्य केंद्रात दिल्या आहेत. पुढच्या महिन्यात तीन वर्षांसाठी जर्मनीला जातोय. तिथे लसी पुन्हा पहिल्यापासून द्याव्या लागतील का?

उत्तर : नाही. फक्त कार्ड वाचता आले पाहिजे. माता-बाल संरक्षण कार्डावर ‘पेंटा-1, 2, 3’ एवढेच लिहिलेले असते. जाण्याआधी आरोग्य केंद्रातून किंवा बालरोगतज्ज्ञांकडून इंग्रजीत एक पान घ्या : पेंटाव्हॅलंट म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ-ब आणि हिब (मेंदूज्वर, न्यूमोनिया करणारा जिवाणू), प्रत्येक तारखेसह. पोलिओच्या इंजेक्शनसमोर ‘त्वचेत, 0.1 मिली’ असे नोंदवून घ्या. आपल्याकडे पोलिओची ही लस अंशमात्रेत देतात आणि तिथला डॉक्टर ती मोजायची की पूर्ण मात्रा द्यायची हे नोंद पाहून ठरवेल. बीसीजी जर्मनीत सर्रास देत नाहीत. डाव्या खांद्यावरच्या वणाबद्दल विचारतील, तारीख सांगा.

तिथे सहा रोगांची एकत्र लस 2, 4 आणि 11 महिन्यांना असते. गोवर-गालगुंड-रुबेला 11 महिन्यांना आणि 15 महिन्यांना. जानेवारी 2024 पासून मेनिंगोकोकस-बी या मेंदूज्वराच्या जिवाणूवरची लसही शिफारशीत आली, ती आपल्या सरकारी वेळापत्रकात नाही. गोवराबाबत नियम कडक आहेत : मार्च 2020 पासूनच्या कायद्यानुसार पाळणाघरात प्रवेशासाठी वर्षाच्या मुलाला एक आणि दोन वर्षांच्या मुलाला दोन मात्रांचा पुरावा लागतो. नवव्या महिन्यात सुट्टीला येऊन इथे एमआर (गोवर-रुबेला) घेतलीत तरी तिच्यात गालगुंड नसतो, तिथली तिहेरी लस घ्यावी लागेलच. दोन जिवंत लसींत चार आठवडे अंतर हवे.

घर मिळण्याआधीपासून बालरोगतज्ज्ञ शोधायला लागा. गर्दीच्या शहरांत बरेच दवाखाने नवी मुले घेत नाहीत. सहा-सात महिन्यांची आणि दहा ते बारा महिन्यांची तपासणी ठरलेल्या काळातच करायची असते, तिची नोंद पिवळ्या वहीत होते. पहिल्या फोनमध्येच त्या तपासणीची वेळ मागा.

प्रश्न : शारजा. तापाचे औषध भारतातून आणले होते ते संपले. इथल्या औषधाचा चमचा वेगळा आहे. मात्रा तीच का?

उत्तर : मिलीत मात्रा कधीच तीच धरू नका. हा प्रश्न सर्वांनी वाचावा.

पॅरासिटामॉलची मात्रा वजनावर असते : किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम, चार ते सहा तासांच्या अंतराने, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. आठ किलोच्या बाळाला एका वेळी 80 ते 120 मिलिग्रॅम. भारतातल्या ड्रॉप्समध्ये सहसा एका मिलीत 100 मिलिग्रॅम असतात, म्हणजे एक मिली पुरते. आखातात सरबत बहुधा 5 मिलीत 120 मिलिग्रॅमचे, त्याचे चार मिली लागतात. जर्मनीत 5 मिलीत 200 मिलिग्रॅमचे मिळते, त्याचे अडीच मिली. आता कोणी ‘चार मिली’ एवढेच लक्षात ठेवले आणि सुट्टीत गावच्या मेडिकलमधून ड्रॉप्स आणून चार मिली दिले, तर 400 मिलिग्रॅम गेले. यकृताला हे झेपत नाही. म्हणून बाटलीवर मार्करने बाळाचे वजन आणि मिलिग्रॅम लिहा, आणि त्याच खोक्यातला ड्रॉपर वापरा.

दूध पावडरीचेही तसेच. भारतात आणि युरोपात बहुधा 30 मिली पाण्याला एक चमचा, अमेरिकी डब्यांत 60 मिलीला एक. जुन्या डब्याचा चमचा नव्या डब्यात टाकला की दूध दुप्पट घट्ट किंवा निम्मे पातळ होते. पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत, 70 अंशांच्या वर असतानाच पावडर घाला, मग निववा. पावडर निर्जंतुक नसते. ओआरएसची मोठी पुडी लिटरला, लहान 200 मिलीला.

तीन महिन्यांखालच्या बाळाला 38 अंश ताप असेल तर औषध देऊन वाट पाहू नका, थेट रुग्णालय.

प्रश्न : श्रीवर्धन. नातू अबूधाबीत जन्मला. त्याच्या पासपोर्टला घाई आहे का?

उत्तर : आहे. तिथे जन्मलेल्या बाळाचा रहिवासी व्हिसा 120 दिवसांत व्हावा लागतो, नंतर दंड. व्हिसाला पासपोर्ट लागतो, पासपोर्टला तिथला जन्मदाखला. शिवाय भारताबाहेर जन्मलेल्या मुलाची नोंद नागरिकत्व कायद्याप्रमाणे भारतीय वकिलातीत एका वर्षाच्या आत करायची असते. दाखल्यावर नावाचे स्पेलिंग आई-बाबांच्या पासपोर्टशी ताडून पाहा. अरबीतून इंग्रजीत येताना एक अक्षर बदलले तरी सगळी फेरी पुन्हा. नाव ठरेना म्हणून बारशाची वाट पाहत दाखला अडवून ठेवू नका.

प्रश्न : मालवण. दुबईच्या नातीला व्हिडिओ कॉलवर पाहायचे असते, पण व्हॉट्सॅपवर कॉल लागत नाही.

उत्तर : अमिरातीत व्हॉट्सॅपचे कॉल बंद असतात, संदेश चालतात. तिथे परवानगी असलेले ॲप मुलीला विचारून तुमच्या फोनवर घाला. वेळ संध्याकाळी साडेसातची ठेवा, तिथे सहा वाजलेले असतात. दीड वर्षाखालच्या मुलांना पडदा नको म्हणतात त्यातून आजीचा कॉल वगळलेला आहे. फोन उशीवर टेकवून ठेवा, हात मोकळे राहतात आणि टाळ्या वाजवता येतात.

प्रश्न : दोहा. गणपतीला कुडाळला येतोय, बाळ तेव्हा दहा महिन्यांचे असेल. पावसात काय सांभाळायचे?

उत्तर : रेल्वेचे आरक्षण 60 दिवस आधी उघडते आणि चाकरमान्यांच्या गर्दीत काही मिनिटांत संपते, ते आधी. पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळी जागा न घेतल्यास तिकीट लागत नाही. मोटारीने येणार असाल तर बाळाची सीट दोह्याहून आणा. विमान कंपन्या ती बहुधा वेगळे पैसे न घेता नेतात. भाड्याच्या गाडीला मागे पट्टे आहेत का हे ठरवतानाच विचारा.

गोवराची लस झाली नसेल तर निघण्याआधी किमान दोन आठवडे डॉक्टरांना भेटा. टायफॉइडच्या लसीचेही त्याच वेळी विचारा. विहिरीचे पाणी भाद्रपदात गढूळ असते. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. फडक्याने गाळून, उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट उकळा. बाळाचे अंथरूण जमिनीवर नको, मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचा. दोरीवरचे कपडे, पेटीतली दुपटी झटकूनच वापरा, पावसात विंचू कोरड्यात शिरतात. कोकणातला तांबडा विंचू लहान मुलांना जीवघेणा ठरत असे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनचा उपचार रूढ केल्यापासून चित्र बदलले, पण गोळी वेळेत मिळाली तरच. बाळ एकाएकी किंचाळून घामाने भिजले, हातपाय गार पडले, उलट्या झाल्या तर मंत्र-तंत्रात वेळ न घालवता 108 ला फोन करा आणि जवळच्या ग्रामीण रुग्णालयात न्या. ते किती अंतरावर आहे हे आल्या दिवशीच पाहून ठेवा.

धूप, कापूर, फटाके आणि आरतीची गर्दी एकाच माजघरात असते. त्या अर्ध्या तासाला बाळाला पडवीत घेऊन कोणीतरी बसावे, पाळी लावून. प्रत्येक पाहुण्याच्या कडेवर देण्याची सक्ती नाही, सर्दी झालेल्यांना तर सरळ नाही म्हणा. आणि नैवेद्याच्या ताटातले द्यायचेच असेल तर उकडीच्या मोदकाची पारी मऊ कुस्करून द्या, तिच्यातले चिमूटभर मीठ फार नाही. सारण गुळाचे, ते पुढच्या गणपतीला.